कमानीवरची तार

गडमुडशिंगीत बाळासोचं घर बौद्धवाड्याच्या अगदी टोकाला. त्यापुढं ओढा, ओढ्यापलीकडं ऊस. गावच्या डीपीतनं, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरातनं, निघालेली लाइट चावडी, तालीम, वरली गल्ली, डेअरी असं करत, सगळ्यांच्या दारात हजेरी लावत शेवटी बाळासोच्या दारातल्या खांबाला येऊन टेकायची. टेकायची म्हणजे जीव सोडायचीच म्हणा. संध्याकाळी बल्ब लावला की काचेच्या आत एक लाल सूत तेवढं दिसायचं. भाकरी करपली का नाही हे त्याची बायको आक्काताई वासावर ओळखायची. ट्यूब तर नुसती डोळं मिचकावत बसायची. वरल्या गल्लीतली माणसं टीव्ही बंद करून आडवी झाली की मग तिला जाग यायची, आणि तोवर बौद्धवाडा झोपलेला असायचा.

एकदा, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, वाड्यातल्या पोरांनी लाइनमनला पटवून डीपीचा टॅप वर चढवून घेतला होता. टॅप म्हणजे गाडीच्या गेरसारखंच. एक खिळा वर सरकवला की साऱ्या लाइनीचा जोर वाढतो. दोन-तीन संध्याकाळी बौद्धवाड्यात असा उजेड पडला, की आक्काताईला आपल्या भिंतीचा रंग पहिल्यांदा नीट दिसला. पण तिकडं डीपीच्या बुडाशी असलेल्या वरल्या गल्लीत बल्ब फटाफट उडाले, कुणाचा तरी नवा टीव्ही जळला, आणि काठ्या घेऊन माणसं चावडीत जमली. टॅप खाली आला. भिंतीचा रंग पुन्हा गेला.

बाळासो स्वतः वायरमन. आयटीआय केलेला, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होता. भट्टीच्या धगीत उभं राहून पॅनेल उघडायचं, हातावरची लव जळालेली, बनियनला कायम लोखंडाचा वास. नव्वदचं दशक संपता संपता ती फाउंड्री बसली. शेवटच्या दिवशी मालकानं विचारलं, "काय पायजे तुला हितलं?" इतरांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. बाळासोनं कोपऱ्यात पडलेलं जाड तांब्याच्या केबलीचं वेटोळं मागितलं. मनगट दुखंल एवढं वजन. सायकलीच्या कॅरेजला बांधून त्यानं ते घरी आणलं आणि आतल्या भिंतीच्या खुंटीला अडकवलं.

"हे काय गळ्यात घालायचं व्हय?" आक्काताईनं विचारलं.

"घर पक्कं बांधलं की खांबापास्नं घरापत्तुर हीच वढणार. बारीक तार करंट खाती. जाड असली की खात न्हाई."

"खांबातच न्हाई तर हिच्यात कुठनं येणार?"

 पण वेटोळं खुंटीवर राहिलं. दर दिवाळीला तो ते खाली काढून फडक्यानं पुसायचा, जसं काही घरात देवाची मूर्ती नाही म्हणून हिची पूजा बांधलीय.

पुढं गावातल्या हंबीररावांनी रस्त्याकडेचा उसाचा तुकडा मोडून लग्नाचं लॉन काढलं. हंबीररावांना गाव आबा म्हणायचं. चार ट्रॅक्टर, वीटभट्टी, जरा पोट सुटलेलं आणि आवाज असा, की कानात सांगितलं तरी गल्लीला कळावं. ते कुठल्याशा लग्नाला बेंगलोरला गेलते, तिथं हॉटेलच्या हिरवळीत गुडघ्याएवढे दिवे बघून आले. शिवाय आदल्या साली कुठल्या एका लॉनवर ओल्या गवतात एका वाढप्याला करंट बसलेला त्यांच्या कानावर होता. त्यांनी बाळासोला बोलावलं.

"बाळासो, मला तसलं पायजे. बारक्या करंटचं. पोरगं आंघोळ करून उघड्या पायानं फिरलं तरी मुंगी चावल्यागत सुद्धा व्हाया नगो. आन समदं कसं, एकसारखं. जोंधळ्याच्या कणसातल्या दाण्यागत."

बाळासोनं बारा व्होल्टचे दिवे आणले, ट्रान्स्फॉर्मर आणला. लॉनच्या दर्शनी बाजूला मोठी कमान, दोन बाजूला दगडी खांब. डाव्या खांबाला लागून वॉचमनची केबिन, तिच्यात ट्रान्स्फॉर्मर. तिथनं तार काढायची, डाव्या कडेनं स्टेजपर्यंत, स्टेजच्या मागनं वळून उजव्या कडेनं, जेवणाच्या मांडवाशेजारनं परत कमानीच्या उजव्या खांबापर्यंत. साऱ्या लॉनला करदोडा घातल्यागत. फक्त करदोड्याची गाठ राहिली. दोन खांबांच्या मधनं माणसं आत येतात ती जागा.

ती जागा सोडायचं कारण बयाबाई. हंबीररावांची आई. कमानीच्या बांधकामाला हात लावताना म्हातारीनं स्वतःच्या हातानं त्या उंबऱ्याखाली नारळ, पोवळं आणि तांब्याचा गडू पुरलेला. एकदा असं पुरलं की तिथं पहार लावायची नाही, कुदळ लावायची नाही, हा त्या घराचा दंडक. बाळासोनं तिथं चुन्याची रेघ मारायला घेतली तशी म्हातारी केबिनीतनं खुर्चीसकट उठली.

"तिथं न्हाई खणायचं! उंबऱ्याखाली लक्ष्मी हाय माझी. आन त्यातनं तू..."

 पुढचं बोलायची गरज नव्हती. बाळासोनं चुना फडक्यात गुंडाळला. तार उजव्या खांबाशी आणून सोडली. तिथं एक शेवटचा दिवा लावला आणि चाचणीला बटण दाबलं.

डावा खांब दुधागत पांढरा. स्टेजकडचे दिवे हळदीच्या रंगाचे. आणि तिथनं पुढं जेवणाच्या बाजूला जे पडत गेले ते पडतच गेले. उजव्या खांबाचा शेवटचा दिवा विझत्या बिडीसारखा. दोन खांब शेजारी शेजारी असल्यामुळं तर ते जास्तच डोळ्यात यायचं. बाळासोला कुणी सांगायची गरज नव्हती. घरच्या दोनशे तीस व्होल्टातनं वाटेत दहा-वीस गळाले तर माणूस खपवून घेतो. बाराच असले आणि त्यातले तीन वाटेत गळाले, तर दिवा म्हातारा होतो. पण एवढ्या लांबीला ते इतकं गळंल हे त्यानं धरलं नव्हतं. लाल दिव्याकडं बघत तो उभा राहिला. हा दिवा त्याच्या ओळखीचा होता. घरातलाच उचलून हितं आणून लावल्यागत.

"आरं हे काय?" हंबीरराव म्हणाले. "कमानीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू! संग्रामचा साखरपुडा हाय हितं. पावण्यांनी काय म्हणायचं, आबाचं लॉन काणं हाय?"

संग्राम म्हणजे त्यांचा थोरला पोरगा. साखरपुडा आठवड्यावर आलेला.

"करतो आबा."

आणि मग बाळासोनं ते केलं जे साऱ्या गावानं बघितलेलं असूनही फक्त बौद्धवाड्यातला माणूस करंल. ट्रान्स्फॉर्मरच्या मागं तीन खिळे होते, बारा, तेरा, चौदा. त्यानं तार उचलून चौदाला लावली. टॅप चढवला. शेवटचा दिवा उठून बसला. बाकीचे जरा जास्तच पांढरे झाले, पण बाळासोची नजर शेवटच्या दिव्यावर. जन्मभर टोकाला राहिलेल्या माणसाची नजर जाणार तरी कुठं? डीपीच्या बुडाशी काय होतं हे त्याला ठाऊक होतं, तो विसरला नव्हता. पण कुठंतरी, आत, त्याला वाटलं असावं, की ह्या खेपेला होणार नाही.

साखरपुड्याच्या संध्याकाळी मांडव भरलेला, कोल्हापूरची माणसं मोटारीतनं उतरायला लागलेली, आणि भारनियमनाची लाइट गेली. जनरेटर सुरू केला. जनरेटरचा जोर जरा जादाच असतो. डाव्या खांबाचा दिवा पट्‌ करून गेला. मग त्याच्या शेजारचा. मग पटापट, भुईमुगाच्या शेंगा फोडल्यागत, डाव्या कडेचे सगळे. एक काच नवरीच्या मावशीच्या पदरावर उडाली. काही झालं नाही, पण ती अशी ओरडली, की ढोलकीवाला थांबला.

हंबीररावांनी बाळासोला सगळ्यांसमोर धरलं.

"लेका, हे काय गावचं डीपी वाटलं व्हय तुला? तुमच्या वाड्यातला धंदा हितं केलास?"

मंडळी हसली. बाळासो हातात फुटका होल्डर घेऊन उभा. उजव्या खांबाचा दिवा मात्र झकास जळत होता, जनरेटरच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी तो बादशहाकडं गेला. बादशहा गावातलाच मांडव-लायटिंगवाला. उरुसाला, गणपतीला, जयंतीला, लग्नाला, सगळ्या जातीच्या देवांना त्याचीच तोरणं. दाढीला मेंदी, तोंडात पान, आणि बोलायला लागला की माणूस आलेलं काम विसरायचा.

"ये ये, आतषबाजीवाले!" बादशहा म्हणाला. "सुना है, साखरपुड्याला दिवाळी केलीस."

"हस बाबा. तूबी हस."

"हसू नको तर काय करू? टॅप चढवलास खुळ्यागत. बस खाली." त्यानं चहा मागवला. "हे बघ. पंगत बसलीय. वाढपी आमटीची बादली घेऊन एका टोकानं निघाला. पयल्याला बटाटा, दुसऱ्याला बटाटा, आन शेवटच्या पावण्याच्या पानात नुसतं रंगीत पाणी. तू काय केलंस? बादली मोठी केलीस. मग पयला पावणा पोट फुटून मेला. शेवटच्याला बटाटा पोचला, पण पंगतच मोडली."

"मग काय करायचं?"

"अरे, दोन वाढपी सोड की! एक ह्या टोकानं, एक त्या टोकानं. मधी गाठ पडू दे त्यांची. सगळ्यांना बटाटा."

बाळासोनं चहाचा कप खाली ठेवला. तार उजव्या खांबाशी संपलेली. ट्रान्स्फॉर्मर डाव्या खांबाशी. मधी फक्त उंबरा. एवढं अंतर जोडलं की दोन्ही टोकांनी करंट निघणार, आणि टोकच राहणार नाही.

"पण जोडताना नीट," बादशहा म्हणाला. "दोन तारा हायत. जिला जी हाय तिलाच ती. उलट लागली की मग खरी दिवाळी. दोरा बांधून ठेव एकीला. आन तार जाड पायजे, निम्मा लोड तिच्यावर येणार. बारकीवर भागवू नकोस."

"उंबऱ्याखालनं नेता येत न्हाई. म्हातारी मारंल."

"मग वरनं ने. वर कुणी नारळ पुरलाय का?"

हंबीरराव जादा केबल द्यायला तयार नव्हते. "तुझ्या चुकीनं फुटलेलं दिवं मी परत आणायचं, आन वर केबलबी मीच?" त्यांचंही खोटं नव्हतं. बाळासो घरी आला. वेटोळं खुंटीवरनं काढलं. आक्काताई चुलीपुढनं बघत होती.

"कुठं निघालं देव?"

"लॉनवर."

"हितं बल्ब कुंकवाच्या टिकलीएवढा, आन तार परक्याच्या कमानीवर?"

"नाव गेलंय माझं, आक्का. नाव आलं की तार काय, दुसरी मिळंल."

 आक्काताईनं तव्यावरची भाकरी अशी उलटली, की ती बोलल्यासारखीच झाली.

बाळासोनं शिडी लावून केबल डाव्या खांबावर चढवली, कमानीच्या पाठीवरनं, गणपतीच्या कोरलेल्या कोनाड्यामागनं उजव्या खांबात उतरवली. एका तारेला लाल दोरा बांधलेला. टॅप परत बारावर आणला. जोड दोनदा तपासला. संध्याकाळी बटण दाबलं.

साऱ्या लॉनभर एकसारखा उजेड पडला. स्टेजमागं जरा मऊ, पण ते मोजायला गेल्याशिवाय कळू नये असं. आणि दोन्ही खांब, डावा आणि उजवा, जुळ्या भावागत.

हंबीरराव रस्त्यापर्यंत गेले, तिथनं बघितलं, परत आले, परत गेले. मग लॉनवर जमलेल्या दहा-पंधरा माणसांसमोर त्यांनी बाळासोच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले,

"जिंकलास गड्या! आता ऐक. तुझ्या पोरीचं, दीप्तीचं लगीन ह्याच लॉनवर. ह्याच कमानीखालनं वरात आणायची, ह्याच दिव्यात. एक पैसा न्हाई घेणार. शब्द हाय हंबीररावाचा."

माणसं टाळ्या वाजवून मोकळी झाली. ज्यानं शब्द दिला तोही जेवायच्या वेळेपर्यंत विसरला असंल. बाळासो तेवढा विसरला नाही. त्या रात्री घरातल्या लाल बल्बाखाली त्यानं आक्काताईला आणि दीप्तीला सांगितलं. दीप्ती तेव्हा कॉलेजला. ती हसली, "लॉनवर? आपलं?" आणि मग कितीतरी वेळ तिला झोप आली नाही, हे आक्काताईनं दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं.

त्यानंतर तो दर पंधरवड्याला लॉनवर जायचा. कुणी बोलवायचं नाही. दिव्याच्या काचेवरचे किडे पुसायचा, गवत कापताना माळ्यानं तार तोडली नाही ना बघायचा, जोडाला ग्रीस लावायचा. वॉचमन विचारायचा, "बाळासो, पगार चालू झाला व्हय?" तो म्हणायचा, "माझं घरचं काम हाय."

दीप्तीला स्थळ आलं. नृसिंहवाडीच्या अलीकडच्या गावातलं, मुलगा संघर्ष, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माणसं बरी. पण मुलाची आत्या झुंबरबाई जरा तिखट. बोलणी चालली असताना तिनं घराच्या पत्र्याकडं, बल्बाकडं, पुन्हा पत्र्याकडं बघितलं आणि विचारलं, "लगीन कुठं करणार? आमची माणसं लई हायती, पावणं."

"लॉनवर," बाळासो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. "रस्त्यावरलं हंबीररावांचं लॉन. तिथली लायटिंग मीच केलीय."

बाई गप्प झाली. घरातल्या सगळ्यांनी तिचं गप्प होणं बघितलं. दीप्तीनं चुलीकडनं पोह्याच्या बशा आणल्या तेव्हा तिची मान जरा ताठ होती. तारीख तिथंच ठरली.

दुसऱ्या दिवशी बाळासो पेढे घेऊन लॉनवर गेला. हंबीरराव केबिनीबाहेर खुर्चीत, संग्राम मोबाईलवर, बयाबाई आतल्या सावलीत शेंगा निवडत.

"वा, वा!" हंबीररावांनी पेढा तोंडात टाकला. "मास्तर जावई. लई भारी. तारीख? मोकळी हाय बघ ती. शब्द म्हंजे शब्द."

 बाळासो उठायच्या बेतात होता.

"फकस्त एक," हंबीरराव म्हणाले. आवाज पहिल्यांदाच खाली आलेला. "वरात कमानीतनं नगो. मागलं फाटक हाय न्हवं, ट्रॅक्टर जातोय असलं रुंद हाय. तिथनं या. आन स्टेजचं... स्टेज न्हाई जमणार. मागल्या अंगणात मांडव घालू. गोठ्याच्या हिकडं मोकळी जागा हाय, सारवून देतो. म्हातारीचं डोस्कं तुला ठावं हाय. उंबऱ्याखाली तिनं घातलंय ते. म्हातारी माणसं. जास्त दिवस ऱ्हायल्यात थोडंच."

बयाबाईंनी शेंगांतली एक नासकी काढून बाजूला टाकली. वर बघितलं नाही.

"आबा, तुमीच म्हणलासा. ह्याच कमानीखालनं."

"म्हणलो की! लॉन देतोय की न्हाई? पैसा घेतोय का? मागलं म्हणजे काय लॉन न्हवं व्हय? पावण्यास्नी काय कळतंय, पुढलं का मागलं?"

"मागं लाइट न्हाई, आबा."

"आता वायरमनच असं बोलाय लागला तर! शेवटच्या दिव्यापास्नं वढ की एक तार."

"शेवटचा दिवाच न्हाई," बाळासो म्हणाला. "गोल हाय त्ये. टोक काढलंय आपण त्यातलं."

"मग मधनंच कुठनं तरी वढ. तुला काय अवघड हाय?"

मधनं ओढली की काय होणार हे बाळासोच्या डोळ्यापुढं उभं राहिलं. गोठ्यामागचा मांडव, झाडाच्या फांदीवर लोंबकळलेली तार, आणि तिच्या टोकाला दीप्तीच्या पांढऱ्या साडीवर पडलेला लाल, आजारी उजेड.  मग त्यानं विचारलं,

"आबा, कमानीवरली तार कुणाची?"

"कुणाची म्हंजे? तुझीच की. तूच आणलीस न्हवं."

"मग न्हेतो."

हंबीररावांना आधी कळलंच नाही. बाळासोनं केबिनीमागची शिडी काढली, उजव्या खांबाला लावली, वर चढला. संग्रामनं मोबाईल खाली केला. "आबा, आज संध्याकाळी बुकिंग हाय की," तो म्हणाला. "ए बाळासो, उतर खाली."

बाळासोनं जोड सुटा केला, लाल दोऱ्यासकट. कोनाड्यामागनं केबल ओढून घेतली. धुळीनं माखलेली, एका जागी पक्ष्यानं शिटलेली. खाली उतरून, उंबऱ्यावर पाय न देता बाजूनं जाऊन डाव्या खांबावर चढला, तिथंही सुटी केली.

"बाळासो, हे बरं न्हाई," हंबीरराव म्हणाले. रागानं नव्हे, जास्त करून आश्चर्यानं. "शब्द पाळतोय मी, आन तू..."

"पाळा की. मी कुठं न्हाई म्हणतोय." तो वेटोळं खांद्यावर घालून निघाला. जाताना बयाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. म्हणाल्या, "पेढे ऱ्हायले बघ तुझे हितं."

तो थांबला नाही. पण घरीही गेला नाही. रस्त्यापलीकडं उसाच्या बांधावर बसून राहिला. दिवस मावळला, लॉनचे दिवे लागले. डावा खांब पांढरा. उजवी कड पडत पडत लाल, उजवा खांब विझत्या बिडीसारखा. जसा पहिल्या दिवशी होता तसाच. बाळासो वाट बघत होता, आता कुणीतरी थांबंल, बोट करंल, हंबीररावांना विचारंल. मोटारी येत राहिल्या. बायका पदर सावरत कमानीतनं आत गेल्या, पोरं पळाली. कुणी वर बघितलं नाही. दोन म्हातारे उजव्या खांबापाशी रेंगाळले. बाळासो ताठ झाला. त्यातला एक म्हणाला, "ह्या अंगाला बसू या की. हितं डोळ्यावर येत न्हाई." आणि दोघं लाल उजेडात खुर्च्या ओढून बसले, खूश.

बाळासो उठला.

घरी सांगितलं तेव्हा आक्काताईनं एवढंच विचारलं, "तार आणलीस न्हवं?" पण दीप्ती भडकली. त्यानं कधी तिला तसं बघितलं नव्हतं.

"मागनं गेलो असतो तर काय झालं असतं, आप्पा? माझं काय झिजलं असतं? लॉन लॉनच की! तिकडं माणसांना मी काय सांगू?"

"गोठ्याच्या मागं, दीप्ती. गोठ्याच्या मागं."

"बुडालेल्या उजेडातच जन्म गेला माझा. आणखी एक संध्याकाळ काय जड हुती?"

 बाळासोला वाटत होतं, त्यानं ते तिच्यासाठी केलं. आता त्याला तेही खात्रीनं सांगता येईना.

लग्न बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात लागलं. पाहुण्यांना आधी निरोप पाठवला, ते आले, पण एक टेम्पो कमी आला. पंचशील म्हणायला सुरुवात झाली आणि लाइट गेली. बादशहानं आपला जनरेटर आणून ठेवला होता, न विचारता. दोन्ही बाजूंनी तारा ओढल्या होत्या, दोन वाढपी. समाजमंदिरात पहिल्या रांगेपासनं शेवटच्या रांगेपर्यंत एकसारखा उजेड होता. दीप्ती आणि संघर्ष पांढऱ्या कपड्यात, दोघांच्या तोंडावर सारखा. बादशहा कोपऱ्यातनं बाळासोला डोळ्यानं विचारत होता, कसं हाय? बाळासोनं मान हलवली. तेवढ्यात झुंबरबाई शेजारच्या बाईला म्हणाली, जरा मोठ्यानंच, "लॉन कुठं हाय गं? मला दिसंना. उजेड तर लई हाय."

बायका हसल्या. दीप्ती हसली नाही.

ते वाक्य तिच्या सासरी टिकलं. भात करपला, लॉन कुठं हाय? दिवाळीला माहेरची साडी स्वस्तातली आली, लॉन कुठं हाय? संघर्ष चांगला, तो म्हणायचा, सोड गं, गंमत करतात. गंमतच होती. दीप्ती आईकडं आली की तिची ही गंमत आईला सांगायची, बापाला नाही. पण घर एका खोलीचं. आणि पुढंही एकाच खोलीचं राहिलं.

बाळासोनं केबल शेवटी घराला लावून बघितली. खांबापासनं घरापर्यंत, जाड तांब्याची. बल्ब लावला. काचेच्या आत तसंच लाल सूत. खांबातच नव्हतं तर तारेत कुठनं येणार, हे आक्काताईनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ह्या खेपेला तिनं नुसती चिमणी पेटवून चुलीपाशी ठेवली.

हंबीररावांच्या लॉनवर कोल्हापूरचा दुसरा वायरमन आला. त्यानं उजव्या खांबावर दोनशे तीस व्होल्टचा मोठा फोकस बसवून दिला. आता उजवा खांब डाव्यापेक्षा लख्ख. बयाबाई दोन वर्षांनी गेल्या, पण उंबऱ्याचा दंडक काही गेला नाही. तो संग्रामनं सांभाळला. बाळासो त्या रस्त्यानं कोल्हापूरला जाताना एसटीत डाव्या बाजूला बसायचा, म्हणजे लॉन दिसायचं नाही. येताना उजव्या.

दीप्ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा आक्काताईनं ती केबल घरावरनं काढून जुनी बारीक तार परत जोडायला लावली आणि केबल परसात दोन मेढींच्या मधी ताणून बांधली. जाड असल्यामुळं वाकत नव्हती. ओल्या गोधड्या घातल्या तरी दोन्ही टोकं आणि मध्य एका उंचीवर. एका टोकाला अजून लाल दोरा होता.

"बरी हाय ही," दीप्ती बाळाचे लंगोट वाळत घालत म्हणाली. "हितनं तिथवर कुठंच लोंबत न्हाई."

बाळासो उंबऱ्यावर बसून बघत होता. तो "व्हय" म्हणाला आणि आत जाऊन बल्ब लावला, उजेड पडणार नाही हे माहीत असून.